मुंग्या आल्या म्हणजे नस दबली, असंच नसतं

‘हातापायाला मुंग्या, बधिरपणा म्हणजे मणक्यातली गादी सरकली, एमआरआयमध्ये ती दिसली की निदान पक्कं.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. अशा मुंग्या मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारातही येतात.

गादी सरकून एखादी नस दबली, तर त्रास सहसा त्या नसेच्या वाटेनं जातो: कंबरेतून पायाच्या अंगठ्यापर्यंत किंवा मानेतून हाताच्या ठरावीक बोटांपर्यंत. बहुधा एकाच बाजूला कळ येते आणि खोकल्या-शिंकल्यावर वाढते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण खराब करते. म्हणून लक्षणं विखुरलेली असतात. एका डोळ्यानं अंधुक दिसणं, डोळा हलवताना दुखणं, काही आठवड्यांनी ते ओसरणं आणि पुढे कधीतरी पाय जड होणं. उकाड्यात किंवा गरम पाण्यानं आंघोळ केल्यावर त्रास तात्पुरता वाढतो. सुरुवात बहुतेकदा 20 ते 40 वयात होते, स्त्रियांमध्ये जास्त.

मग रिपोर्टचं काय? फुगलेली गादी काहीही त्रास नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही दिसते. शिवाय मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्यामुळे मल्टिपल स्क्लेरोसिस जिथे शोधायचा, तो मेंदू आणि मानेचा भाग नुसत्या कंबरेच्या स्कॅनमध्ये येतच नाही. म्हणून विचारावं, ‘रिपोर्टमधली नस आणि माझी बधिर जागा जुळते का?’ जुळत नसेल तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवावं.

मानेतली गादी थेट मज्जारज्जूवर दाबली तर मात्र दोन्हींची लक्षणं सारखी भासतात. तिथे घरबसल्या तर्क चालत नाही. लघवी अडली किंवा मांड्यांमधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.