तोंड आलं, बी कॉम्प्लेक्स घे, पण बी-२ खरंच कमी आहे का ते कळतं कसं

लालबागच्या कुठल्याही मेडिकलवर जा, तोंड आलंय म्हटलं की तो बी कॉम्प्लेक्सची स्ट्रिप काढून देतो, घेतली की लघवी पिवळीधम्मक होते, तो पिवळा रंग म्हणजे रायबोफ्लेविन, बी-२. १९३३ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला रसायनशास्त्रज्ञ कून आणि सहकाऱ्यांनी ते वेगळं काढलं. १९३८ ला अमेरिकेत सेब्रेल आणि बटलर यांनी दाखवलं की आहारात बी-२ नसलं की ओठांचे कोपरे चिरतात. पण कोपरे तर लोह कमी असलं तरी चिरतात ना, आणि लघवी तपासावी तर अलीकडे काय खाल्लं तेवढंच कळतं.

खरी वाट सापडली १९६० च्या दशकाच्या शेवटी, लाल पेशींत. ग्लुटाथायोन रिडक्टेज हे एन्झाइम बी-२ पासून बनणाऱ्या एफएडीशिवाय चालत नाही. मग काय करायचं, एकाच माणसाच्या रक्ताचे दोन भाग करायचे, एक तसाच ठेवायचा, दुसऱ्यात वरून एफएडी घालायचं आणि एन्झाइमचा वेग किती पट वाढला ते बघायचं. १.२ पर्यंत ठीक, १.४ च्या वर गेला की सरळ कमतरता. म्हणजे ज्याचं रक्त त्याच्याशीच तुलना, मला ही कल्पना आजही फार आवडते! आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत महताब बामजी यांनी १९६९ मध्येच यावर पेपर छापला होता.

हे हाताने करणं मात्र जीव काढणारं. शिकताना परळच्या एका लॅबमध्ये मी केलंय, एफएडीला उजेड चालत नाही म्हणून ट्यूबला फॉइल गुंडाळायची, वॉटर बाथ ३७ डिग्रीला, मग ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात रीडिंग उतरताना मिनिटामिनिटाला आकडा लिहायचा, आणि माणशी दोन क्युवेट (मोजणीच्या छोट्या पारदर्शक नळ्या), दुसरी लावेपर्यंत पहिलीची वेळ पुढे गेलेली असायची.

अशा टेस्ट आपोआप करणारं मशीन, क्लीव्हलंडच्या स्केग्जचा ऑटोअॅनालायझर, १९५७ लाच बाजारात आलं होतं, नळीत हवेचे बुडबुडे सोडून सॅम्पल वेगळी ठेवणारं, पण ते सॅम्पल एकामागून एक घेतं. नंतर अमेरिकेतल्या ओक रिजच्या प्रयोगशाळेत नॉर्मन अँडरसनने सेंट्रीफ्यूगल अॅनालायझर बनवला, त्यात रोटर फिरला की सगळ्या खणांतलं रक्त आणि रिएजंट एकाच क्षणी मिसळतं, दोन्ही भागांचं घड्याळ बरोबरच सुरू होतं, या टेस्टला नेमकं हेच हवं होतं.

एक गोष्ट मात्र मशीनलाही सुटत नाही. जी-सिक्स-पीडी हे लाल पेशींतलं दुसरं एक एन्झाइम कमी असलेल्यांत ग्लुटाथायोन रिडक्टेज एफएडी घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे बी-२ कमी असूनही आकडा नॉर्मल दिसू शकतो, आणि मुंबईत पारशी मंडळींमध्ये जी-सिक्स-पीडीची कमतरता जास्त आढळते, तेव्हा त्यांचा रिपोर्ट वाचताना आधी जी-सिक्स-पीडी बघावं लागतं.