दूध नासणे आणि घरी टिकवणे

दूध आंबणे, फाटणे, कडवट किंवा खवट होणे या सगळ्याला आपण ढोबळपणे दूध नासणे म्हणतो. ते वापरून संपेपर्यंत त्याची मूळ चव, वास आणि घट्टपणा राखणे म्हणजे दूध टिकवणे. घरातले दूध वेळेआधी नासले, की दोष उन्हाळ्याला किंवा दूध देणाऱ्याला दिला जातो. प्रत्यक्षात दोन गोष्टी पाहाव्या लागतात. घरात येईपर्यंत त्यात किती जिवाणू शिरले होते आणि तापवल्यानंतर ते किती तास कोमट राहिले? पहिली गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात नसते, दुसरी मात्र असते आणि नेमकी तिचीच सर्वांत जास्त हेळसांड होते.

गाईच्या दुधात साधारण ८७ टक्के पाणी, ४.५ ते ५ टक्के दुग्धशर्करा, ३ ते ३.५ टक्के प्रथिने आणि ३.५ ते ४.५ टक्के स्निग्धांश असतो. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६ ते ८ टक्क्यांपर्यंत जातो. ताज्या दुधाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) ६.६ ते ६.८, म्हणजे जवळजवळ उदासीन असतो. पाणी, साखर, प्रथिने, खनिजे आणि जीवनसत्त्वे एकत्र असलेला, फारसा आम्ल नसलेला हा द्रव वासराप्रमाणेच जिवाणूंनाही पोसतो.

निरोगी जनावराच्या कासेतल्या दुधात जिवाणू अगदी थोडे असतात. ते शिरतात बाहेरून : सडाच्या त्वचेवरून, धार काढणाऱ्याच्या हातांवरून, भांड्यातून, गाळण्याच्या फडक्यातून आणि भांडी विसळायच्या पाण्यातून. निरशा दुधाला स्वतःचे थोडे संरक्षण असते. लॅक्टोपेरॉक्सिडेज, लॅक्टोफेरिन यांसारखी त्यातली प्रथिने काही तास जिवाणूंची वाढ रोखून धरतात. दूध काढल्याबरोबर गार केले तर हा काळ लांबतो, कोमट ठेवले तर लवकर संपतो.

पुढचे गणित थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे, कारण जवळजवळ सगळी काळजी त्यातूनच ठरते. ३० अंश सेल्सिअसच्या आसपास दुधातले अनेक जिवाणू अर्ध्या तासात किंवा त्याहूनही लवकर दुप्पट होतात. अर्ध्या तासाचा हिशेब धरला, तर एका जिवाणूपासून १० तासांत १० लाखांहून अधिक जिवाणू तयार होतात. आता सुरुवातीलाच एकाच्या जागी हजार जिवाणू असतील, तर तेवढी संख्या गाठायला ५ तासच पुरतात. भांड्याच्या कडेला चिकटून राहिलेला कालच्या दुधाचा पातळ थर हा असा ५ तासांचा फरक सहज पाडू शकतो. उलट ४ अंशांवर बहुतेक जिवाणूंची वाढ जवळपास थांबते आणि ज्यांची चालू राहते त्यांनाही दुप्पट व्हायला बरेच तास लागतात.

नासण्याचे प्रकार

सर्वांच्या ओळखीचा प्रकार म्हणजे आंबणे. लॅक्टोकॉकस लॅक्टिससारखे जिवाणू दुग्धशर्करेचे दुग्धाम्ल करतात. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन असते आणि ते अतिसूक्ष्म गोळ्यांच्या रूपात तरंगत असते. या गोळ्यांवर ऋण विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. आम्ल वाढले की हा भार कमी होतो, गोळे एकमेकांना चिकटू लागतात आणि सामू ४.६ च्या आसपास येताच केसिन वेगळे होऊन पाणी सुटते. हे झाले साध्या तापमानाला. दूध गरम असेल तर याहून पुष्कळ कमी आम्लातही ते फाटते. रात्री चांगले दिसणारे दूध सकाळी गॅसवर ठेवताच फाटते, ते यामुळेच. ते आधीच आंबायला लागलेले असते, आच फक्त ते उघड करते. शंका असेल तर दोन चमचे दूध वेगळे घेऊन उकळून पाहावे. ते फाटले तर उरलेले दूध चांगल्या दुधात मिसळू नये.

कधी कधी दूध चवीला मुळीच आंबट नसते, तरीही फाटते. याला बहुधा बॅसिलस सिरियससारखे बीजाणू (उष्णता सोसणारे सुप्त रूप) करणारे जिवाणू कारणीभूत असतात. त्यांची विकरे (एन्झाइम) केसिनवर थेट काम करतात, त्यासाठी आम्लाची गरज पडत नाही. जनावर नुकतेच व्यायले असेल तर पहिल्या काही दिवसांच्या चिकातही विरघळलेली प्रथिने जास्त असल्यामुळे तो उकळताच गोठतो. मात्र ते नासणे नव्हे.

फ्रीजमधल्या दुधाची तऱ्हा वेगळी असते. थंडीतही वाढणारे स्यूडोमोनास गटाचे जिवाणू तिथे हळूहळू जोर धरतात आणि प्रथिने व स्निग्धांश तोडतात. पाश्चरीकरणात, म्हणजे दूध ठरावीक तापमानाला तापवून लगेच गार करण्याच्या प्रक्रियेत, आंबवणारे जिवाणू बहुतांशी मेलेले असतात. म्हणून पाकिटातले दूध जुने झाले की स्वच्छ आंबट होण्याऐवजी कडवट, उग्र किंवा कुबट होते. असे दूध दह्यासाठीही वापरू नये. या गटाची काही विकरे इतकी चिवट असतात, की जिवाणू उष्णतेने मेल्यावरही ती काम करत राहतात. दूध तापवण्याआधी दोन-तीन दिवस नुसतेच थंड पडून राहिले असेल, तर तापवूनही त्याला कडवटपणा येतो तो यामुळे.

खवटपणा स्निग्धांश फुटल्यामुळे येतो. निरसे दूध जोरात घुसळले, पुन्हापुन्हा उंचावरून ओतले किंवा त्याला फार फेस आणला, तर स्निग्धकणांभोवतीचे आवरण तुटते आणि दुधातलेच लायपेज हे विकर त्यावर काम करू लागते. उजेडाचाही परिणाम होतो. दुधातले रायबोफ्लेविन, म्हणजे ब२ जीवनसत्त्व, प्रकाश शोषून प्रथिने व स्निग्धांश बिघडवणाऱ्या क्रिया सुरू करते आणि त्यात स्वतःही नष्ट होते. पारदर्शक बाटली उन्हात थोडा वेळ राहिली तरी दुधाला जळकट वास येऊ शकतो. तांब्याचा किंवा कल्हई गेलेल्या पितळेचा स्पर्श स्निग्धांशाचे ऑक्सिडीकरण वाढवतो, म्हणून दुधासाठी स्टेनलेस स्टील किंवा काच चांगली.

आंबण्यामागे सजीव असतात, हे लुई पाश्चर यांनी १८५७ मध्ये दुग्धाम्ल किण्वनावरील अभ्यासातून मांडले. शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी दूध आंबवणारा जिवाणू शुद्ध स्वरूपात वेगळा केल्याचे १८७८ मध्ये प्रसिद्ध केले. पाश्चर यांचे उष्णतेचे प्रयोग मुख्यतः वाइनवर झाले. लहान मुलांचे दूध बाटलीत तापवून देण्याची पद्धत १८८६ मध्ये फ्रान्झ फोन सॉक्सलेट यांनी सुचवली. ढगांच्या गडगडाटाने दूध नासते ही समजूत मात्र त्यानंतरही टिकून राहिली. वादळापूर्वीची उकाड्याची हवा जिवाणूंना मानवते, आवाजाचा त्यात काही भाग नाही.

तापवणे आणि गार करणे

पाश्चरीकरणात दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवून लगेच गार करतात. त्यामुळे रोगजंतू मरतात, पण सगळे जिवाणू मरत नाहीत. अतिउच्च तापमानाच्या पद्धतीत दूध १३५ अंशांहून अधिक तापमानाला काही सेकंद तापवून निर्जंतुक वेष्टनात भरतात. असे दूध बंद असेपर्यंत फ्रीजबाहेर काही महिने राहते. वेष्टन उघडल्यावर मात्र ते इतर दुधासारखेच नाशवंत होते आणि ही गोष्ट अनेकदा विसरली जाते.

घरी दूध उकळल्यावर त्यातले वाढते जिवाणू मरतात, पण बीजाणू जगतात. उष्णतेच्या झटक्याने ते उलट रुजायला तयार होतात. शिवाय निरशा दुधाचे जे नैसर्गिक संरक्षण होते, तेही उकळताना बहुतांशी जाते. उकळलेल्या दुधात पुढे पडणाऱ्या जिवाणूंना मैदान मोकळे असते. म्हणून तापवण्याच्या पुढची पायरी, म्हणजे झटपट गार करणे, तापवण्याइतकीच महत्त्वाची आहे. ती वगळली तर तापवण्याचा अर्धा उपयोग वाया जातो.

खोल पातेल्यात दोन-तीन लिटर दूध ओट्यावर ठेवून दिले, तर ते गार व्हायला काही तास लागतात आणि त्यातला बराच काळ ते जिवाणूंना हव्या तशा कोमट अवस्थेत असते. उपाय सोपा आहे. उकळी आल्यावर पातेले गार पाण्याने भरलेल्या परातीत किंवा घमेल्यात ठेवावे, स्वच्छ डावाने अधूनमधून ढवळावे आणि पाणी गरम झाले की बदलावे. साय धरू द्यायची असेल तर ढवळू नये, पण पाणी बदलतच राहावे. रुंद, उथळ भांड्यात किंवा दोन-तीन लहान भांड्यांत दूध वाटून ठेवले तर ते आणखी लवकर निवते. वाफ निघेपर्यंत जाळी आणि नंतर घट्ट झाकण हा क्रम बरा. उकळते पातेले थेट फ्रीजमध्ये ठेवल्यास आजूबाजूचे पदार्थ गरम होतात हे खरे, पण पूर्ण गार होण्याची वाट पाहत ते तासन्‌तास बाहेर राहणे जास्त वाईट. हाताला सोसेल इतके निवले की आत ठेवावे.

फ्रीजचे तापमान ४ अंश किंवा त्याखाली असावे. दारातला कप्पा सर्वांत उबदार असतो आणि दार उघडताना दर वेळी त्याला बाहेरची हवा लागते. दुधाची बाटली नेमकी तिथे ठेवण्याची सोय बहुतेक फ्रीजमध्ये केलेली असते, तरी ते आत मागच्या बाजूला ठेवावे. वीज गेली तर दार न उघडता फ्रीज साधारण ४ तास पुरेसा थंड राहतो. रोज लागेल तेवढेच दूध बाहेर काढावे आणि बाहेर राहून कोमट झालेले परत मोठ्या भांड्यात ओतू नये. एकूण २ तासांपेक्षा जास्त वेळ दूध बाहेर राहू देऊ नये, कडक उन्हाळ्यात १ तासच.

फ्रीज नसेल तर दूध दिवसातून दोन-तीनदा उकळणे हाच खरा आधार. मात्र ते आंबायला लागण्याच्या आधी उकळायला हवे. दर उकळीला चव थोडी बदलते आणि काही जीवनसत्त्वे घटतात, पण दूध टिकते. पातेले पाण्यात ठेवून त्यावर ओले फडके घातल्यास बाष्पीभवनामुळे ते गार राहते. हवा कोरडी असेल तर हा उपाय चांगला चालतो, दमट हवेत त्याचा फारसा उपयोग नाही.

दुधाच्या भांड्यात दिसेल न दिसेल असा पांढुरका थर जमतो. तो प्रथिने आणि कॅल्शियमच्या क्षारांचा असतो व त्यात जिवाणू सुरक्षित राहतात. रिकामे भांडे आधी गार पाण्याने विसळावे, कारण एकदम गरम पाणी ओतले तर प्रथिने शिजून चिकटतात. मग गरम पाणी व साबणाने घासून, शेवटी उकळते पाणी फिरवून कोरडे करावे. कानाकोपरे, झाकणाची कड आणि गाळणे यांकडे विशेष लक्ष द्यावे. जुन्या दुधात नवे दूध घालणे, विरजणाला लागलेला चमचा दुधात बुडवणे किंवा भांड्याला तोंड लावणे म्हणजे दुधात हाताने जिवाणू पेरणे होय.

दूध फ्रीझरमध्येही ठेवता येते. ते शून्याच्या किंचित खाली गोठते आणि फुगते, म्हणून भांड्यात जागा सोडावी. वितळताना स्निग्धांश वेगळा दिसतो, पण ढवळून बरेचसे जुळून येते. वितळवायचे ते फ्रीजमध्येच.

फाटू नये म्हणून दुधात खाण्याचा सोडा घालणारे असतात. सोडा आम्ल मारतो, जिवाणू मारत नाही. दूध तितकेच जुने आणि जिवाणूंनी भरलेले राहते, फक्त त्याची खूण पुसली जाते. नासलेले दूध पुन्हा उकळून वापरणेही धोक्याचे आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूने दुधात सोडलेले विष उकळीलाही टिकते आणि त्याने काही तासांत जोरदार उलट्या होतात. बराच वेळ कोमट राहिलेले, कडू लागणारे किंवा वास बदललेले दूध टाकून द्यावे. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजारी माणसे यांच्यासाठी नुसती शंका आली तरी ते वापरू नये.