बेडूक खरंच उकळेपर्यंत बसून राहतो?

धूर्त नेता उघड बळ वापरत नाही. हळूहळू तापणाऱ्या पाण्यातल्या बेडकासारखं लोकांना नकळत संपवतो, असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. नेता राहू द्या, आधी बेडूक पाहू. म्हणे, उकळत्या पाण्यात टाकला तर तो उडी मारून सुटतो, पण पाणी हळूहळू तापवलं तर बसूनच मरतो. प्रत्यक्षात पाणी तापू लागलं की तो अस्वस्थ होतो, बाहेर पडायला धडपडतो. १८६९ च्या जर्मन प्रयोगात बसून राहिले ते मेंदू काढलेले बेडूक. धडधाकट बेडूक साधारण २५ अंश सेल्सिअसलाच निसटू पाहत होते. उलट थेट उकळत्या पाण्यात पडलेला बेडूक उडी मारण्याआधीच भाजतो.

पडताळणीसाठी बेडूक तापवू नका (सांगितलेलं बरं). दाखला देणाऱ्याला विचारा: मेंदू शाबूत होता का? तापमान मिनिटाला किती वाढवलं? भांडं उघडं होतं का? छुप्या डावपेचांचा पुरावा हवा असेल, तर बदललेले नियम तारखांसह मांडून पाहा.