बुधवार, माहीम आणि निसटलेली चप्पल

बुधवारी माहीमला सेंट मायकल चर्चची वाट कुणाला विचारावी लागत नाही, गर्दीच तिथवर नेते. कुणाच्या हातात फुलं, कुणाच्या हातात नवसाचं मेणाचं घर, नाहीतर मेणाचा पाय. नऊ बुधवारांचा नेम करणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेही भरपूर. हा नेम म्हणजेच नोव्हेना, इथे 1948 पासूनची. पण मदर मेरीच्या, म्हणजे निरंतर साहाय्य मातेच्या, ज्या चित्रापुढे ती चालते, त्याचं मूळ रोममध्ये आहे.

मूळ चित्र जेमतेम अडीच वीत उंचीच्या लाकडी फळीवर, क्रीट बेटाकडच्या बायझँटाईन शैलीत रंगवलेलं. दोन देवदूत क्रूस, भाला, खिळे घेऊन आलेत. ते पाहून बाळ येशू दचकला आहे. त्याने दोन्ही हातांनी आईचा हात धरलाय आणि पायातली एक चप्पल बंदावर लोंबकळतेय. आई मात्र त्याच्याकडे नाही, आपल्याकडे बघते. मला विचाराल तर हे चित्र लोकांना आपलं वाटतं ते त्या चपलेमुळे.

एका व्यापाऱ्याने ते क्रीटहून चोरून आणलं, अशी आख्यायिका. 1499 मध्ये ते रोमच्या सेंट मॅथ्यू चर्चमध्ये आलं आणि जवळपास तीनशे वर्षं तिथे राहिलं. 1798 मध्ये फ्रेंचांनी ते चर्च पाडलं. चित्र वाचलं, पण एका मठाच्या खाजगी प्रार्थनागृहात पडून लोकांच्या विस्मरणात गेलं. दृष्टी अधू झालेला एक म्हातारा ब्रदर मात्र मिकेले मार्की नावाच्या वेदीसेवक पोराला सांगत राहिला, ‘ही तीच सेंट मॅथ्यू चर्चमधली माता बरं!’ पुढे हा पोरगा रिडेम्प्टोरिस्ट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघात गेला. या संघाने आपलं चर्च बांधलं होतं ते नेमकं सेंट मॅथ्यूच्या जुन्या जागेपाशी. मार्कीची आठवण कामी आली. पोप नववे पायस यांनी चित्र संघाच्या हवाली केलं आणि 26 एप्रिल 1866 रोजी ते मिरवणुकीने परतलं. ‘हिची जगाला ओळख करून द्या,’ असं पोप म्हणाल्याचं संघात सांगतात. पुढे प्रती देशोदेशी गेल्या, त्यांतलीच एक माहीमची.

आराधना देवाची, प्रतिमेला फक्त वंदन, आणि तेही प्रतिमेतून मूळ व्यक्तीला पोचतं, हा निवाडा चर्चने 787 मध्येच निकियाच्या धर्मसभेत दिला होता. मेणाचा पाय घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला तो ठाऊक असेलच असं नाही.

माहीमच्या या चर्चने प्रतिमेला आसरा देण्याची ही पहिली वेळ नव्हे. 1739 मध्ये मराठ्यांची स्वारी आली, तेव्हा वांद्र्याच्या डोंगरावरची मोत माउली, म्हणजे माउंट मेरीची मूर्ती, इथेच आणून ठेवली होती. ती परत गेली 1761 मध्ये.