इन्सुलिन चालू केलं की मांजराचं जन्मभर सुटत नाही, हे खरं का?

"मांजराला शुगर निघाली तरी इन्सुलिन चालू करू नका, सवय लागते, त्यापेक्षा कारल्याचा रस पाजा" असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, आणि आपल्या घरात कोणाला तरी शुगर असतेच म्हणून तो पटतोही.

पण मांजरांचं वेगळं आहे. शुगर खूप दिवस वाढलेली राहिली की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी थकतात, बाहेरून इन्सुलिन देऊन शुगर खाली आणली की त्यांना आराम मिळतो आणि काही मांजरांत त्या परत कामाला लागतात, मग इंजेक्शन बंदही होतं. सगळ्यांचं होत नाही, पण लवकर चालू केलं तर शक्यता जास्त. आणि दिलंच नाही तर जीवावर बेतू शकतं.

आपल्याकडे दूध-भाकरी घालायची पद्धत आहे, ती मात्र खरंच कमी करायची, मांजर मूळचं मांसाहारी. फक्त खाणं बदलताना डॉक्टरांना सांगा, नाहीतर त्याच डोसने शुगर एकदम खाली जाते, मांजर लडखडतं, झटके येतात. असं दिसलं तर हिरड्यांना मध चोळा आणि लगेच दवाखाना गाठा.

शुगर किती आहे याची खात्री कशी करायची? कानाच्या कडेला सुई टोचून ग्लुकोमीटरवर घरीच बघता येतं. दवाखान्यात घाबरून शुगर वाढते म्हणून तिथल्या एका रीडिंगवर जाऊ नका, फ्रुक्टोसामाइन टेस्टने मागच्या दोनेक आठवड्यांचा अंदाज येतो. डोस कमी करायचा तो डॉक्टरच ठरवतील.

आणि जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात इन्सुलिनची बाटली फ्रिजमध्येच ठेवा, फ्रीझरमध्ये नको.