रक्ताच्या अहवालात नैराश्य दिसते का?

आजोबांची भूक मंदावली, पहाटे तीनलाच जाग येऊ लागली, बोलणे कमी झाले, की घरचे "आता वयच झालं" म्हणून विषय संपवतात आणि उपचारांनी बरे होऊ शकणारे नैराश्य ओळखलेच जात नाही. उतारवयात ते उदासीपेक्षा अंगदुखी, थकवा, विसरभोळेपणा यांच्या आडून समोर येते. म्हणूनच साखरेसारखे तेही रक्तातून मोजता यावे, ही संशोधकांची जुनी धडपड आहे.

1981 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ बर्नार्ड कॅरोल आणि सहकाऱ्यांनी डेक्सामेथासोन चाचणीचा पुरस्कार केला. रात्री या स्टेरॉइडची 1 मिलिग्रॅमची मात्रा दिल्यावर निरोगी माणसाचे कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, दुसऱ्या दिवशी उतरते. तीव्र नैराश्याच्या अनेक रुग्णांत मात्र ते चढेच राहते. पण डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) आणि वजन घटलेल्यांतही असाच निकाल येतो, आणि हे दोन्ही उतारवयातच अधिक आढळत असल्याने जिथे गरज सर्वाधिक तिथेच चाचणी अपुरी पडली.

नंतर लक्ष शरीरातील दाहाकडे वळले. नैराश्यग्रस्तांच्या गटात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन आणि इंटरल्यूकिन-6 या रक्तातील दाहदर्शक प्रथिनांची सरासरी जास्त भरते. परंतु संधिवात, हिरड्यांचा आजार किंवा लठ्ठपणा यांनीही ती वाढते, त्यामुळे समोरच्या एका माणसाबद्दल त्यातून ठाम काही सांगता येत नाही.

तरीही रक्त तपासावेच, असे मी आग्रहाने म्हणेन, कारण त्यातून नैराश्यासारखी लक्षणे निर्माण करणारी दुसरी कारणे सापडतात. थायरॉइड मंदावलेला असू शकतो. बी-12 ची कमतरता तर आपल्याकडे सर्रास आहे: पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने शहर आणि ग्रामीण भागातील मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांत हे जीवनसत्त्व कमी आढळले. वयानुसार जठरातील आम्ल घटले की अन्नातील बी-12 सुटे होत नाही, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत शोषण आणखी कमी होते. 'ड' जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी आहे; अमेरिकेत पन्नाशीपुढच्या 18,000 हून अधिक लोकांना सुमारे पाच वर्षे ते किंवा प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) दिले, तरी नैराश्य टळण्यात फरक पडला नाही.

सारे अहवाल ठीक आले, तरी नैराश्य नाही असे ठरत नाही. वृद्धांसाठीच्या 15 प्रश्नांच्या प्रश्नावलीत झोप, भूक किंवा दुखण्याबद्दल विचारलेले नाही, कारण ती लक्षणे इतर आजारांतही असतात. आयुष्य रिकामे वाटते का, असहाय वाटते का, असे प्रश्न त्यात आहेत, आणि उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे द्यायचे आहे.