सगळे तुकडे संपले हे कुणी सांगायचं?

मराठवाड्यात अतिवृष्टी झाली की अनुदानाच्या याद्या लाखो ओळींच्या होतात. एवढी फाइल एका दमात तपासायला फार वेळ लागतो, म्हणून तिचे तुकडे करून ते एकाच वेळी अनेक प्रोसेसकडे दिले जातात. सगळे तुकडे तपासून झाले की जिल्हावार गोषवारा निघायला हवा, आणि तो एकदाच. हा ‘एकदाच’ साधायला संगणकशास्त्राला बराच काळ झुंजावं लागलं.

फाइली चुंबकीय टेपवर ठेवायच्या जमान्यात ही अडचणच नव्हती. ओळी क्रमाने वाचल्या जात. फाइलच्या शेवटी एकूण ओळींचा आकडा असलेली नोंद असे. तो आकडा जुळला की पुढचं काम सुरू. काम समांतर झालं आणि क्रम मोडला. फाइलमधला शेवटचा तुकडा सगळ्यांच्या आधीही संपू शकतो.

यावरचं मूळ उत्तर संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६३ मध्येच मांडलं होतं. काम फोडताना किती तुकडे बाकी आहेत याची एक मोजणी ठेवायची. जो तुकडा संपेल त्याने ती एकने कमी करायची आणि थांबायचं. ज्याच्या हातून ती शून्यावर येईल त्याने पुढची पायरी चालवायची. मात्र ‘कमी करणं’ आणि ‘शून्य आहे का पाहणं’ ही एकच अखंड क्रिया हवी. समजा परभणी आणि हिंगोलीचे दोनच तुकडे उरलेत. दोघांनी एकाच क्षणी २ वाचलं आणि दोघांनी १ लिहिलं, तर शून्य कधी येतच नाही. गोषवारा अडकून पडतो, आणि एररही दिसत नाही. उलट, दोघांनी आधी व्यवस्थित वजा केलं आणि मग वेगळं जाऊन आकडा वाचला, तर दोघांनाही शून्य दिसतं आणि गोषवारे दोन निघतात.

२००४ मध्ये गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी मॅपरिड्यूस, म्हणजे प्रचंड माहितीचे तुकडे करून ते अनेक संगणकांवर एकाच वेळी हाताळायची पद्धत, मांडली. त्यात तुकड्यांचा हिशेब एका मास्टरकडे, म्हणजे सगळ्यांना काम वाटून देणाऱ्या प्रोसेसकडे असतो. संपलेल्या तुकड्याची खबर दुसऱ्यांदा आली तर मास्टर ती सोडून देतो. मला यातला हा बारकावा सर्वांत मोलाचा वाटतो. एका प्रोग्रामचे निरोप दुसऱ्याकडे पोचवणाऱ्या आजच्या अनेक क्लाउड रांगांमध्ये एकच निरोप दोनदा येऊ शकतो. नुसती मोजणी ठेवली तर एक तुकडा दोनदा वजा होतो आणि काम बाकी असतानाच शून्य येतं. म्हणून तुकड्याचा क्रमांक नोंदवावा, आणि क्रमांक नवीन असेल तरच मोजणी कमी करावी.

राहिला प्रश्न फसलेल्या तुकड्याचा. म्यूल या वेगवेगळ्या प्रणाली जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बॅचमध्ये, म्हणजे नोंदींच्या एकगठ्ठा कामात, काही नोंदी फसल्या तरी शेवटचा टप्पा चालवला जातो आणि किती जमल्या, किती फसल्या हे आकडे त्याला मिळतात. अनुदानाच्या यादीला हीच रीत हवी. फसलेल्या ओळी गोषवाऱ्यात तालुकानिहाय दिसल्या, तर तहसीलला त्याच दिवशी दुरुस्ती हाती घेता येते.